खडखड, टकटक आणि सूंसूं

द्वितीय वर्ष कला

मराठी व्याकरणाच्या पुस्तकात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार सांगितलेले असतात. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. पहिले दोन प्रकार जरा प्रतिष्ठित. तिसरा मात्र पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखा, कोणी फारशी विचारपूस न करणारा. बडबड, कटकट, खडखड, फडफड. हे काय अभ्यासाचे शब्द झाले, असे आपल्याला वाटते. पण आपल्या भाषेला या शब्दांची हौस मोठी. आपली पाने सळसळतात, पोट गुडगुडते, पैंजण छुमछुमतात आणि मोटारसायकलीचे तर आपण नावच 'फटफटी' ठेवून मोकळे झालो. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या जाडजूड ग्रंथातही असे कितीतरी शब्द अनुकरणवाचक म्हणून खूण करून नोंदलेले आहेत. साहेबाला त्यांचे महत्त्व कळले असावे.

ज्याच्या दारात जुनी व्हॅन उभी आहे, त्याला तर ते कळल्यावाचून राहतच नाही.

आमच्या दारात जी उभी आहे ती १९९४ सालची मारुती. हे वाहन १९८४ साली 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आले, १९८८ साली त्याचे 'ओम्नी' असे बारसे झाले आणि २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे पस्तीस वर्षे हा गाडा देशभर चालत राहिला. शाळेची मुले, रुग्ण, लग्नाची वरात, भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, जे पुढ्यात येईल ते त्याने वाहिले. आमची व्हॅन भांडी वाहते. आप्पा आठवड्याचे बाजार करतात. वाई, मेढा, पाचगणी, महाबळेश्वर असा त्यांचा फेरा. स्टीलची ताटे, ॲल्युमिनियमची पातेली, कळशा, झारे, किसण्या असा संसार मागे रचलेला असतो. आमच्या घराची चूल आणि माझी फी या दोन्ही गोष्टी त्या चार चाकांवरून येतात, एवढे सांगितले म्हणजे या व्हॅनची दुरुस्ती हा आमच्या घरी छंदाचा विषय का नाही, हे लक्षात यावे.

या गाडीचे इंजिन पुढे नाही आणि मागेही नाही. ते पुढच्या सीटांखाली आहे. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी., कार्ब्युरेटरवर चालणारे. सीट उचलली की इंजिन दिसते. याचा तोटा असा की मे महिन्यात चालवणाऱ्याची बैठक तव्यावर ठेवल्यासारखी भाजते. फायदा असा की इंजिनाच्या मनात काय चालले आहे ते चालवणाऱ्याला थेट कळते. घोड्यावर बसलेल्या माणसाला घोड्याचा श्वास कळावा, तसे.

आणि हे इंजिन बोलते. सारखे बोलते. बरे असले तर एका सुरात घुमते, दुखले खुपले की सूर बदलते. तीनपैकी एका सिलिंडरचा प्लग मेला की ते थडथडते आणि सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी कापते. मग मूठ नीट रबराची असलेल्या पकडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर काढून पाहायची. जी काढल्यावर आवाज आणखी बिघडतो, ते सिलिंडर जिवंत. जी काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तिथे मढे. प्लग काढून त्याचे तोंड पाहायचे. विटकरी-तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. तेलाने चिकट ओले असेल तर इंजिन ऑइल पिते आहे. प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची ०.४ ते ०.५, ही दोन मापे मला सनावळ्यांपेक्षा पक्की पाठ आहेत.

सकाळी गाडी सुरू करताच किंचाळी निघाली तर पट्टा सैल. त्यावर थोडे पाणी शिंपडावे, आवाज क्षणभर बदलला तर चोर तोच. 'टकटक' आली, आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढली, तर टॅपेट. मात्र टॅपेट थोडे वाजलेले बरे असते. त्याची फट पार मिटली आणि ते मुके झाले, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि हळूहळू जळतो. तेव्हा शांतता हे प्रत्येक वेळी प्रकृतीचे लक्षण नव्हे. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टण्' झाले तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस झिजला. चढावर ॲक्सिलेटर दाबल्यावर डब्यात छर्रे खुळखुळावेत तसे झाले तर टायमिंग पुढे गेले आहे किंवा इंजिन तापले आहे. कुठूनतरी बारीक 'सूंसूं' येत असेल आणि गाडी उभ्या जागी नीट राहत नसेल तर कुठल्यातरी नळीतून हवा ओढली जाते आहे. आणि पसरणी घाटात ऐन उन्हात गाडी काहीही न बोलता निमूट बंद पडली, तर पेट्रोलची पंपातच वाफ झाली असे समजावे. पंपावर ओले फडके टाकावे, झाडाखाली बसून एक भाकरी खावी. भाकरी संपेपर्यंत गाडी सुरू होते.

हे सारे मला आप्पांनी शिकवले. आप्पा चौथीपर्यंत शिकले आहेत. कार्ब्युरेटर खोलताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने फडक्यावर मांडायचा, हा त्यांचा नियम. त्यांचे खास हत्यार म्हणजे हातभर लांबीचा पेचकस. त्याचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. टोक एकेका ठिकाणी सरकवत नेले की कुठला आवाज कुठून येतो ते नेमके समजते. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप निघाला, असे मी कुठेतरी वाचले आणि आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "मग त्यो बी गॅरेजवालाच की."

पण गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात येऊ लागली. वळण घेऊन झाले तरी गाडीचा इंडिकेटर मैलभर लुकलुकत राही. त्याची टिकटिक आप्पांना ऐकू येत नव्हती. पट्टा किंचाळे आणि ते शांतपणे विडी पेटवत. बाजारात एखादी बाई कळशीकडे बोट दाखवून म्हणे, "साठला द्या." आप्पा हसून म्हणत, "आठ रुपयात तर कळशीचा काठ बी येत न्हाई, मावशी." बाईला वाटे, माणूस चेष्टेखोर आहे. मलाही आधी तसेच वाटले. नंतर भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी घर्षक ध्वनींची माहिती सांगितली. 'स' आणि 'श' यांची कंपने फार वरच्या पट्टीतली असतात, असे ते म्हणाले, आणि मी वहीत लिहिता लिहिता थांबले. साठातला 'स' गेला की काय उरते? आठच की.

आप्पांचे कान उगाच गेले नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढची चौदा वर्षे ते पुण्यात तांब्याच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मठारकाम करत होते. मठारकाम म्हणजे हातोडीचे ठोके देत देत भांड्याला आकार आणि बळकटी आणणे. एका हंड्यावर हजारो ठोके, आणि अशी दहा-बारा माणसे एका खोलीत. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला आणि रोज आठ तास कानावर पडत राहिला तर तो ऐकणे नेते, असे शास्त्र सांगते. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि हा ऱ्हास सगळ्या सुरांत सारखा नसतो. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच सूर जातात. म्हणून आप्पांना इंजिनाची धडधड ऐकू येई, पट्ट्याची किंचाळी येत नसे. माणसाचा आवाज येई, त्यातली काही व्यंजने गळून पडत. त्यामुळेच तर त्यांना आपण बहिरे होत आहोत हे पटत नव्हते. "आवाज येतोय की मला. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता," ही त्यांची तक्रार.

ती तक्रार केळघर घाटाने मिटवली. महाबळेश्वरचा बाजार उरकून आम्ही मेढ्याकडे उतरत होतो. मागे निम्मा माल शिल्लक होता आणि तो वळणावळणाला खणखणत होता. त्या खणखणाटाखालून मला एक निराळी, कोरडी, धातूवर धातू घासल्याची 'खर्र' ऐकू आली. आप्पांनी ब्रेक दाबला की ती यायची, सोडला की जायची.

"आप्पा, ब्रेक वाजतोय. मागचा, डावा."

"भांडी वाजत्यात."

"भांडी ब्रेक दाबल्यावरच कशी वाजतील? गाडी बाजूला घ्या."

त्यांनी गाडी कडेला घेतली, पण मनाविरुद्ध. चाकांना दगड लावले, चाक उतरवले. ड्रम गंजून बसला होता. अशा वेळी तो ठोकत बसू नये. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत दोन बोल्ट घालून ते आलटून पालटून सारखे आवळत गेले की ड्रम आपसूक बाहेर येतो. आला, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही. एका बाजूचा लायनर पार संपून बुटाचे लोखंड ड्रमला घासत होते. खाली दरी होती. आप्पांनी ड्रमच्या आतून बोट फिरवले. झिजून पडलेल्या चरीत ते नखापर्यंत गेले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "लई वाजत हुतं?"

"हो."

"कदीपासनं?"

"वरच्या नाक्यापासून."

ते नुसते हं म्हणाले. मी एस.टी.ने मेढ्याला जाऊन लायनरचा जोड आणला. अंधार पडायच्या सुमारास आम्ही निघालो. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "कुठल्या डाक्टरकडं जायाचं, सांग."

डॉक्टरांनी कंप पावणारा एक चिमटा आधी कानासमोर धरला आणि मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. या तपासणीला रिने नावाच्या जर्मन डॉक्टराचे नाव आहे. आप्पा एकदम उजळले. "डाक्टर, ह्यो तर माझा पेचकस!" डॉक्टरांनी त्यांना खुलासा विचारला आणि पाच मिनिटे दोघांचे इंजिन या विषयावर बोलणे झाले. नंतर बंद खोलीत यंत्रावर तपासणी झाली. कागदावर दोन रेघा आल्या. डावीकडे सपाट चालत आलेल्या त्या रेघा उजवीकडे घाट उतरावा तशा खाली गेल्या होत्या. औषध नाही, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. श्रवणयंत्र लावा, असे डॉक्टरांनी सांगितले.

यंत्राची किंमत ऐकून आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "आधी गाडी."

या दोन शब्दांमागे हिशोब होता. घरात तीस हजार रुपये साठवलेले होते आणि ते इंजिनाच्या रिंगबोअरसाठी होते. सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर निघे. एका गॅरेजात दाखवली तर रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल, असे सांगण्यात आले होते. आप्पांचे म्हणणे साधे होते. "गाडी थांबली तर घर थांबंल. कान काय, तुझं हाईत की." मला बरे वाटायला हवे होते. पण पुढच्या वर्षानंतर पुण्याला एम.ए.ला जायचे माझ्या मनात आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. माझे कान मी गाडीत ठेवून जाऊ शकत नव्हते.

वाद घालून काही होणार नव्हते. आप्पांना युक्तिवाद पटत नाहीत, खुणा पटतात. तेव्हा मी त्या निळ्या धुराच्याच मागे लागले.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे खरे. पण ऑइल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी शिरते. खालून, झिजलेल्या रिंगांच्या कडेने. किंवा वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सील कडक झाली की तिच्या फटीतून. दोन्हींचा रंग एकच, वेळ मात्र वेगळी. रिंगा गेल्या असतील तर धूर चढावर, जोर पडल्यावर, सतत निघतो. सील गेली असेल तर ऑइल रात्रभर ठिबकून वर साठते आणि सकाळी सुरू करताच एक लोट निघून धूर संपतो. लांब उतार ॲक्सिलेटर सोडून उतरून पुन्हा दाबला की तसाच एक लोट निघतो. मी महिनाभर मागच्या खिडकीतून धूर पाहिला आणि वहीत मांडला. वेळ, जागा, चढ की उतार. शिवाय दर रविवारी ऑइलची पट्टी पुसून पातळी लिहिली. पसरणीच्या चढावर धुराची एकही नोंद झाली नाही. सकाळची एकही चुकली नाही.

मग ओळखीच्या मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन गेज एका दिवसासाठी मागून आणले. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर काढून ठेवली, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. १४०, १४५, १४०. त्यानंतर प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजलेल्या असतील तर ते ऑइल फटी बुजवते आणि आकडा एकदम वर जातो. आमचा काटा जेमतेम हलला. मी काही न बोलता वही आप्पांपुढे ठेवली. त्यांनी आकडे पाहिले, धुराच्या खुणा पाहिल्या, पेचकस काढून तिन्ही सिलिंडरांवर टेकवला. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "रिंगा चांगल्या हाईत."

सहा व्हॉल्व्ह, सहा सील. बोटाच्या पेराएवढ्या रबरी टोप्या. त्या बदलण्याचे काम मिस्त्रींनी आमच्याच दारात केले आणि आम्ही दोघे हाताखाली राहिलो. इंजिन उतरवावे लागले नाही. टाइमिंग बेल्ट नवा घातला, टॅपेटची फट फीलर गेजने नीट केली. सगळे मिळून साठवलेल्या रकमेचा लहानसा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. मी मागे उभी होते. धूर आला नाही. आई दारातून म्हणाली, "आता उरल्यालं पैसं कानाला."

यंत्र येऊन दोन महिने झाले. गोष्ट इथे गोड झाली असे मात्र नाही. श्रवणयंत्र गेलेले कान परत देत नाही, ते आवाज फक्त मोठा करून आत पाठवते. पहिल्या दिवशी आप्पा व्हॅनमध्ये बसले आणि शंभर पावलांवर थांबले. "एवढी वाजती व्हय ही?" असे म्हणून त्यांनी यंत्र काढून डबीत घातले. भांड्यांचा खणखणाट त्यांना सहन होईना. मग आम्ही पातेल्यांमध्ये गोणपाट घातले. आता ते बाजारात दिवसभर यंत्र लावतात. मावशीचा साठ त्यांना साठच ऐकू येतो आणि त्यामुळे घासाघीस लांबते, अशी आईची तक्रार आहे. घाट उतरताना मात्र ते यंत्र न विसरता कानात घालतात. ते मी सांगितलेले नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही सीट उचलून गाडी सुरू करतो आणि ऐकतो. माझ्या वहीत आता आवाजांची एकतीस नावे झाली आहेत, प्रत्येकापुढे त्याचे कारण. मी पुण्याला गेले की वही गाडीतच राहील. गेल्या रविवारी डायनॅमोच्या बाजूने एक नवा, बारीक आवाज आला. आप्पांनी तो माझ्या आधी ऐकला. मी म्हणाले, "किणकिणतंय." ते म्हणाले, "किणकिण न्हवं. चिवचिव." मोल्सवर्थ काढून पाहावा असे क्षणभर मनात आले. पण आप्पा तोवर पेचकस घेऊन वाकले होते, आणि बेअरिंग कोणत्या बाजूचे, हा प्रश्न शब्दापेक्षा महत्त्वाचा होता. बत्तिसावी ओळ अजून कोरी आहे.